धुनीत टायर

"मग गुण का येईना, बाबा? तीनदा अंगारा नेला!"

जोतिराम चौगुल्याचा आवाज चढला होता. आठ गावांत त्याच्या गुऱ्हाळाचा गूळ नावाजलेला, टेकडीवरच्या या मठाचा पत्रा त्यानेच घातलेला. वीस वर्षांमागे सोमनाथबाबांचा अनुग्रह घेतलेला हा शिष्य, आणि त्याच्याच लेकीला गुण येऊ नये? त्याला नुसता संताप संताप झाला होता.

वैजूला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली, आता आठवा लागला. सासरी पोर ठणठणीत होती. इथे, गुऱ्हाळालगतच्या घरी आल्यापासून मेली धाप तिचा पिच्छा सोडेना. चार पावलं चालली की भिंत धरून उभी राही. बाळाच्या जिवाला जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाबांनी टेकडीखाली उभ्या त्याच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. "ट्रॉलीत काय आहे?"

"जुने टायर. गुळाच्या काहिलीखाली, चुलाणात घालाया. गुऱ्हाळ चालू हाय न्हवं?"

"एक आण वर."

म्हाताऱ्याला टेकायला हवा असेल, म्हणून त्याने आणून दिला. बाबांनी टायर दोन्ही हातांनी उचलला आणि थेट धुनीवर धरला.

"अहो!" जोतिराम झडप घालून आडवा आला. "डोकं फिरलं का काय? साठ वर्षं हितं वाळल्या लाकडाबिगर काय पडलं न्हाई! धुनी बाटंल!"

"तुझ्या चुलाणात चालतो की."

"चुलाणाची गोष्ट निराळी! हिचा अंगारा माझ्या पोरीच्या कपाळाला लागतो!"

"आणि धूर...?"

जोतिराम एकदम उसळला.

"मीच एकटा दिसलो व्हय? कारखान्याची चिमणी दिसत न्हाई? उसाचं पाचट पेटवणारे? त्या ट्रका?"

"दिसतात. सगळ्यांच्या दारात जाऊन आलो. सगळ्यांनी उलट तुझंच नाव सांगितलं."

"मग मी जाळू तरी काय?"

"पिळलेल्या उसाची चिपाडं वाळव. तुझा बाप त्याच्यावरच गूळ करायचा."

"आठ-आठ दिवस उन्हात राखायची, उलटायची... माणसं कुठनं आणू? तोवर काहील थांबती का? औंदा जमायचं न्हाई. पुढल्या साली बघू."

"बाळ पुढल्या साली यायचंय?"

जोतिराम टेकडी उतरायला वळला.

बाबांनी टायर त्याच्या पायाशी टाकला. "मग लेकीला आजच सासरी पोचव."

"पहिलटकरणीला? भरल्या दिवसांत?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोक तोंडात शेण घालतील, बाबा! बापाघरी काय कमी पडलं, म्हणून विचारतील. काय सांगू त्यांना?"

"सांग, माहेरी हवा नाही."