परत आलेला अंतरपाट

एका गावात एक भोळी मुलगी राहत होती. भोळी म्हणजे अगदी बी.ए. पर्यंत शिकूनही भोळी. नाव हेमांगी. घरचे हेमी म्हणत, आणि काही सांडलं, फुटलं किंवा पेटलं की सगळा गाव "हेमे!" म्हणे.

हेमांगी दचकायची फार. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. शिट्टी झाली नाही तर का झाली नाही म्हणून दचकायची. कॉलेजात तिनं मानसशास्त्र घेतलं होतं, भीती का वाटते ते समजावं म्हणून. ते समजलं. मग समजलेल्याची भीती वाटू लागली. चूक होऊ नये म्हणून कुणी काही सांगितलं की ती ते शब्दन् शब्द पाठ करायची आणि तस्संच करायची. सगळ्या चुका तिथूनच व्हायच्या.

शाळेत तात्पुरती बाई म्हणून लागली, तिथून परत आली. पतपेढीत लागली, तिथूनही आली. शेवटी सरूआत्या म्हणाली, "माझ्याकडे पाठवा. कापडाला काय कळतंय ही शहाणी आहे का वेडी."

सरूआत्याची ड्रेपरी होती. म्हणजे नाटकाचे, गॅदरिंगचे, लग्नाकार्याचे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान. राजाचा अंगरखा तिथेच, नवरदेवाची शेरवानीही तिथेच. हेमांगीला दुकान फार आवडलं. इतके कपडे, आणि त्यात माणूस एकही नाही! तिला वाटलं, आपण जन्मभर इथेच राहावं.

आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ हेमे. कपडा आपला, अंग गिऱ्हाइकाचं. आज हा घालणार, उद्या तो. म्हणून कापायचं नाही, शिवायचं नाही. घटकाभर बसतं करायचं, आणि आलं की मोकळं करायचं. सैल दिसलं की आतून पिन मार. बास."

सैल दिसलं की पिन. हेमांगीनं पक्कं लक्षात ठेवलं.

त्याच दिवशी शाळेतले पाटोळे मास्तर आले. गॅदरिंगला ते विदूषक होणार होते. विदूषकाचा झगा त्यांनी अंगात घातला. झगा सैल होता. हेमांगीनं बघितलं, बाह्या सैल. पिन. पोटाशी सैल. पिन. मागे तर फारच सैल.

"अहो ताई, तो असाच असतो ना?" मास्तर म्हणाले.

"सर, मी बघते ना," हेमांगी म्हणाली आणि पिनांचा डबा रिकामा केला.

संध्याकाळी मास्तर स्टेजवर गेले. कोलांटी मारली. "आई गं!" म्हणून उठले. खाली बसले. "मेलो!" म्हणून उठले. पोरं हसून हसून लोळली. मास्तरांना उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालं. ते त्यांनी उभ्यानंच घेतलं. जेवलेही उभ्यानंच.

आत्यानं कपाळाला हात लावला. "अगं, टोचेल अशा जागी कुणी पिन मारतं का? तिथे टेप लावायची. ही बघ, दोन्ही बाजूंनी चिकटते. कापडाला कापड लावायचं, वरून थोपटायचं. टोचत नाही, दिसत नाही."

"हे आधी सांगायचंस ना, आत्या."

"आधी मास्तरांना कुठे टोचलं होतं?"

टोचायला नको तिथे टेप. हेमांगीनं पक्कं लक्षात ठेवलं.

मग दूध डेअरीचे चेअरमन आले. भाऊसाहेब खराटे. नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि त्यांना जोधपुरी कोट हवा होता. होता तो सगळ्यात मोठा कोट दिला. भाऊसाहेब त्याच्यापेक्षा मोठे निघाले. पोटावर बटण एकीकडे आणि काज दुसरीकडे. मधून सदरा डोकावत होता.

हेमांगीनं विचार केला. पोट म्हणजे नाजूक जागा. टोचायला नको. तिनं भाऊसाहेबांना म्हटलं, "काका, श्वास सोडा." त्यांनी सोडला. तिनं टेप लावली, दोन्ही बाजू ओढून एकमेकींना चिकटवल्या आणि थोपटल्या.

"आता घेऊ का श्वास?" भाऊसाहेबांनी बारीक आवाजात विचारलं.

"थोडा थोडा घ्या."

थोड्या थोड्या श्वासावर भाऊसाहेबांनी फीत कापली. नारळ फोडला. मग भाषणाला उभे राहिले. भाषणाला थोडा श्वास कसा पुरणार? त्यांनी छाती भरून घेतली आणि गरजले, "बंधू आणि—"

भगिनींपर्यंत कोट थांबला नाही. फाडकन उघडला. हेमांगी मागच्या रांगेत होती, ती दचकून शेजारणीच्या मांडीवर जाऊन बसली. कोटाची उजवी बाजू उडाली आणि समोरच्या माइकला चिकटली. भाऊसाहेब ओढायला लागले, तर माइक पोटाशी आला. सकाळपासून ते उपाशी होते. त्यांच्या पोटात काय काय चाललंय ते सबंध गावानं लाउडस्पीकरवर ऐकलं.

"हेमे," आत्या घरी आल्यावर म्हणाली, "तंग कपड्याला टेप? तंग असलं की रबर! काजातून रबर ओवायचं आणि बटणाला अडकवायचं. ते ताणतं आणि परत येतं. माणसाला हलायला वाव राहतो."

ताणतं आणि परत येतं. हलायला वाव. हेमांगीनं पक्कं लक्षात ठेवलं. तिला थोडं रडू आलं होतं, पण रडताना शब्द विसरतील म्हणून ती रडली नाही.

मग मंगळागौरीच्या स्पर्धा आल्या. सुलभावहिनींचा गट दुकानातली नऊवारी पातळं घेऊन गेला. वहिनी गटाच्या पुढारी. ऐन वेळी त्यांच्या निऱ्या सुटायला लागल्या.

"हेमांगी, अगं काहीतरी कर! फुगडीत हे सगळं हातात येईल माझ्या!"

हेमांगीनं बघितलं. वहिनींना झिम्मा खेळायचाय, फुगडी घालायचीय, म्हणजे हलायला वाव हवा. तिनं सगळ्या निऱ्या गोळा केल्या, कोथिंबिरीची जुडी बांधतात तशी गुडघ्यांच्या खाली जुडी बांधली आणि वरून जाड रबर चढवलं. त्या नादात वहिनींचे दोन्ही पायही जुडीत आले.

"वहिनी, ताणतं आणि परत येतं," ती म्हणाली.

खरंच तसं झालं. वहिनींनी पाऊल टाकलं, रबर ताणलं. रबर परत आलं, पाऊलही परत आलं. पुढे जाणं तर भाग होतं. मग वहिनी चिमणीसारख्या दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारत मंचावर गेल्या. मागच्या बायकांना वाटलं नवा खेळ आहे. त्याही उड्या मारायला लागल्या. अख्खा गट उड्या मारत एका दारानं आला आणि दुसऱ्या दारानं निघून गेला. परीक्षकांना काय लिहावं ते समजेना.

या वेळी आत्या ओरडली नाही. ओरडली नाही म्हणून हेमांगी जास्त घाबरली.

"हेमे, नीट ऐक," आत्या म्हणाली. "घसरणाऱ्याला घसरणाऱ्याशी बांधून काय उपयोग? जे घसरतं ते शेजारच्या पक्क्या गोष्टीला अडकवावं. निऱ्या कमरेला, पदर खांद्याला, फेटा केसांना. समजलं? आणि आता वैजूचं लग्न आहे. माझी पोर आहे ती. त्या लग्नात काही घोळ झाला, तर दुसऱ्या दिवसापासून दुकानाची पायरी चढायची नाहीस. तू माझ्या भावाची पोर असलीस तरी."

घसरतं ते शेजारच्या पक्क्या गोष्टीला. हेमांगीनं इतकं पक्कं लक्षात ठेवलं की झोपेतही पुटपुटली. दुकान सुटलं तर जायचं कुठे? माणसं नसलेले कपडे आणखी कुठे मिळणार?

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेवाला तयार करायचं काम तिच्याकडे आलं. नवरदेव निशिकांत, अगदी शेवग्याची शेंग. दुकानातलं तयार धोतर त्याला दोनदा गुंडाळावं लागलं असतं. हेमांगीनं विचार केला. सैल आहे, आतून पिन. टोचायला नको, वरून टेप. बसायउठायचंय, कडेला रबर. घसरेल, म्हणून सगळं कमरपट्ट्याला अडकवलं.

निशिकांत बसला. उठला. वाकून नमस्कार केला. काही झालं नाही.

"वा, ताई!" तो म्हणाला.

आत्यानं येऊन बघितलं. तीही म्हणाली, "वा, हेमे." हेमांगीला असं कुणी म्हणायची सवय नव्हती. ती दचकली.

मुहूर्त जवळ आला. नवरीची आई मंगलाष्टकं बघत नाही, तुळशीपाशी उभी राहते, तसा त्यांच्याकडे रिवाज होता. म्हणून आत्या मांडवामागे तुळशीपाशी गेली. इकडे नवरानवरी समोरासमोर उभी राहिली. मध्ये अंतरपाट. एक टोक वैजूच्या हंबीरमामांच्या हातात, दुसरं नवऱ्याच्या काकांच्या.

"अंतरपाट नीट धरा," भटजी म्हणाले. "शेवटच्या अष्टकापर्यंत एकमेकांचं तोंड दिसता कामा नये."

विहीणबाई कडक होत्या. "मुहूर्त हुकायला नको हं," त्या घड्याळ बघत म्हणाल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. ती लांबली. एका मावशींनी तर स्वतः रचून आणलं होतं, त्यात दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांची नावं होती. हंबीरमामांचा खांदा आधीच दुखरा. हात थरथरायला लागला. अंतरपाट रेशमी. तो खाली घसरायला लागला.

हेमांगीनं ते बघितलं. घसरतंय! शेजारची पक्की गोष्ट कुठली? मामांचा हात पक्का नाही. मग तिला नवरदेवाचा कमरपट्टा दिसला. सकाळी तिनंच पक्का केलेला.

ती वाकून हळूच पुढे गेली. अंतरपाटाच्या काठात आतून पिन मारली. टोचायला नको म्हणून वरून टेप लावली. हलायला वाव हवा म्हणून रबर ओवलं, चांगलं जाड. एका बाजूचं रबर नवरदेवाच्या कमरपट्ट्याला, दुसऱ्या बाजूचं वैजूच्या कमरेला. या वेळी ती एकही धडा विसरली नाही.

"काय करतेस गं?" वैजू कुजबुजली.

"तू पुढे बघ," हेमांगी म्हणाली.

"पुढे अंतरपाट आहे!"

शेवटचं अष्टक संपलं. "शुभ मंगल सावधान!" वाजंत्री कडाडली. हेमांगी दचकली. अक्षता उडाल्या. मामांनी सगळा जोर लावून अंतरपाट बाजूला ओढला.

अंतरपाट गेला. नवरानवरीची नजरानजर झाली. मामांचा खांदा कळवळला, हात सुटला, आणि गेलेला अंतरपाट परत आला. सटकन आला आणि नवरानवरीला गुंडाळूनच बसला.

वाजंत्री थांबली. हार कुठून घालायचे ते कुणाला कळेना.

"म्हणजे?" विहीणबाई म्हणाल्या. "लग्न लागलं का नाही लागलं?"

भटजी गोंधळले. "अंतरपाट दूर व्हावा असं आहे. परत आला तर काय, ते कुठे दिलेलं नाही."

"परत ओढा!" काका म्हणाले. ओढला. परत आला. पुन्हा ओढला. पुन्हा परत आला. आतून वैजूचा आवाज आला, "मामा, गुदगुल्या होतायत!"

"मुहूर्त चाललाय हो!" विहीणबाई ओरडल्या.

मांडवामागे तुळशीपाशी आत्याला दिसत काहीच नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. काहीतरी अडकलंय एवढं तिला समजलं. आणि कुणी अडकवलं, ते विचारायची गरज नव्हती. ती तिथूनच ओरडली, "हेमे! सोड! जे जे अडकवलंयस ते सगळंच्या सगळं सोड!"

सगळंच्या सगळं. हेमांगी पुढे धावली. अंतरपाटाची रबरं सोडली. पिना काढल्या. टेप सोलली. अंतरपाट मोकळा झाला, मामांनी तो दूर नेला. नवरानवरी लखलखीत समोरासमोर आली. टाळ्या पडल्या. मुहूर्त गाठला. पण आत्यानं सगळंच्या सगळं म्हटलं होतं. हेमांगी अर्धवट काम करणारी नव्हती. तिनं नवरदेवाच्या कमरेची रबरं सोडली. टेप सोलली. मग सकाळच्या पिनाही एक एक करून काढल्या.

शेवटची पिन निघाली, आणि धोतर खाली आलं.

निशिकांत हातात हार घेऊन चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभा राहिला. वैजूनं डोळे गच्च मिटले.

"मामा," ती म्हणाली, "धरा हो तो अंतरपाट परत!"

मांडव हसून हसून वाकला. अंतरपाट नवरदेवाच्या कमरेला गुंडाळला, हार पडले, लग्न लागलं. एकट्या विहीणबाई हसल्या नाहीत. तुळशीपासून धावत आलेल्या आत्याला त्यांनी गाठलं आणि हेमांगीकडे बोट करून विचारलं, "ही कोण हो तुमची?"

आत्यानं हेमांगीकडे बघितलं. मग विहीणबाईंकडे बघितलं. "आमची? छे हो!" ती म्हणाली. "वाजंत्रीवाल्यांबरोबरची असेल."

हेमांगीनं ऐकलं.

पंगती बसल्या. विहीणबाईंचा रागही जिलेबीबरोबर उतरला. "तुमची ती अंतरपाटवाली कुठाय?" त्या म्हणाल्या. "बोलवा की. इतकं मी माझ्या लग्नातसुद्धा हसले नव्हते." आत्यानं शेजारी एक पान राखून ठेवलंच होतं. "हेमे!" तिनं हाक मारली. "ए हेमे, ये जेवायला! नाही काढत दुकानातून!" मग सगळ्यांनीच हाका मारल्या. स्वयंपाकघरात बघितलं. तुळशीपाशी बघितलं.

वाजंत्रीवाल्यांचा टेंपो तोवर पुढच्या गावच्या मांडवापाशी पोहोचला होता. हेमांगी त्यात ढोल आणि सनईवाल्याच्या मध्ये अंग चोरून बसली होती, आणि तिच्या हातात झांजा होत्या.

"काका," तिनं विचारलं, "या कधी वाजवायच्या?"

"सोपंय," सनईवाला म्हणाला. "भटजी 'सावधान' म्हणाले की वाजवायच्या."

अष्टकं किती असतात आणि 'सावधान' किती वेळा येतं, ते त्यानं सांगितलं नाही. हेमांगीनं पक्कं लक्षात ठेवलं.