व्यापाऱ्याचा नौकाविहार

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याची झोप उडाली. धंदा उत्तम होता, घरात कशाची ददात नव्हती; पण त्याच्या वृद्ध वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवे अंग आणि वाचा दोन्ही गेली, आणि त्या दिवसापासून याच्या छातीवर धोंडा बसला.

वैद्य व्यापाऱ्याला म्हणाले, "रोज संध्याकाळी तळ्यावर नौकाविहार करा. मनावरचा ताण उतरेल." आता घ्या! आजार रेड्याला अन् औषध पखालीला. पण व्यापाऱ्याला ते औषध फार मानवले.

तळ्याकाठी, व्यापाऱ्याच्या घराजवळच, एका वृद्ध आचार्यांचा आश्रम होता आणि आश्रमाची एक लहान होडी होती. आचार्यांचा एक प्रौढ शिष्य रोज व्यापाऱ्याला पैलतीरापर्यंत नेऊन आणी. जाताना व्यापारी पैलतीरावरच्या डोंगराकडे तोंड करून बसे, पाणकोंबड्या बघे, गार वारा अंगावर घेई. परतताना मात्र डोळे मिटून पडून राही. उतरताना म्हणे, "काय हलकं वाटतं म्हणून सांगू!" महिनाभर हे चालले. आपल्या हातून पुण्य घडते आहे, असे शिष्याला वाटे.

एके दिवशी आचार्य त्या आजारी वडिलांच्या विचारपुशीला गेले. संध्याकाळी व्यापारी येताच ते स्वतः होडीत येऊन बसले आणि म्हणाले, "शेठजी, आज वल्ही तुम्ही घ्या."

शिष्य चपापला. आधीच खचलेल्या माणसाला असे राबवायचे? पण गुरूंपुढे बोलणार कोण!

वल्हवणाऱ्याची रीतच अशी, की त्याची पाठ पैलतीराकडे आणि तोंड सोडलेल्या काठाकडे. व्यापारी वल्ही मारू लागला आणि त्याचे घर समोर आले. होडी पुढे जाई तसे ते लहान होत गेले, पण दिसेनासे होईना. वरच्या मजल्यावर वडिलांची खिडकी होती. तिथे कुणीतरी दिवा लावला.

"आचार्य, मला दुसरीकडे तोंड करून बसू द्या," तो म्हणाला.

"मग होडी जाणार कशी?" आचार्य एवढेच बोलले.

व्यापाऱ्याचे हात थांबले. होडी तळ्याच्या मध्यावर नुसती डुलत राहिली.

"ही त्यांच्या पेजेची वेळ," तो पुटपुटला. "माझी बायको भरवते. ते घास तोंडात धरून दाराकडे बघत राहतात. मला माहीत आहे हो! मला ते डोळे बघवत नाहीत, म्हणून मी..." ओक्साबोक्शी रडला बिचारा, आणि मग त्याने होडी वळवली. काठाला लागताच तो निरोपही न घेता घराकडे धावत सुटला.

शिष्याने विचारले, "गुरुजी, नौकाविहार वाईट का?"

"अरे, पाण्यावर जाण्यात कसलं पाप? कामानं शिणलेल्या माणसानं अवश्य जावं, वारा खावा, ताजं होऊन यावं. पण हा शिणला नव्हता, भ्याला होता. शीण पाण्यावर उतरतो. भय काठावरच बसून राहतं आणि आपण परत येईपर्यंत वाढतं. आज ते म्हातारे दाराकडे बघताना मी पाहिले."

"म्हणजे महिनाभर मी..."

"तू नेलंस, मी नेऊ दिलं. त्याचा उजळलेला चेहरा बघून मीही खूश होत होतो. चूक दोघांची."

सहाव्या दिवशी दुपारी वडील गेले. शिष्य भेटायला गेला, तेव्हा व्यापारी ओसरीवर एकटाच बसला होता.

"रोज मी पेज भरवली," तो म्हणाला. "माझ्या हातून ते अख्खी वाटी संपवायचे. मला पाच संध्याकाळी मिळाल्या. तीस मी तळ्यावर घालवल्या."

शिष्य बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिला.