डागडुजीत पडलेली माणसे

खूप जुन्या काळी, जेव्हा राज्ये लहान होती आणि राजांचे अहंकार मात्र आजच्याएवढेच मोठे होते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये होती. अलीकडच्या राज्यात चाळीस गावे होती आणि त्या चाळीस गावांची एक सभा होती. तिथला कायदा फार जुना आणि फार साधा होता. राजाला युद्ध करायचे असेल तर त्याने आधी सभेला विचारावे. न विचारता युद्ध करणाऱ्या राजाने गादी सोडावी. आणि युद्धात जो पडेल, त्याची वीरगळ गावाच्या वेशीत उभी राहावी, त्याच्या घराला सरकारी कोठारातून धान्य मिळावे.

वीरगळ म्हणजे वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. खाली लढाई कोरायची, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो देवापुढे हात जोडून बसलेला. त्या राज्यात या दगडांचे काम केरबा नावाच्या पाथरवटाकडे होते. त्याचा बाप तेच करायचा, आजाही तेच करायचा. टेकडीखालच्या खाणीत त्याचे खोपट होते. केरबा कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. दगड बरा, आपण बरे, असा माणूस.

एका वर्षी नदीच्या उतारावरून, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागेवरून, दोन राजांचे वाजले. उतार कुणाचा, एवढीच गोष्ट. अलीकडच्या राजाला राग आवरेना. त्याने सभेला न विचारताच हजार भालेकरी नदीपार पाठवले. मग त्याला कायदा आठवला आणि घाम फुटला.

प्रधान हसला. म्हणाला, "महाराज, युद्ध केले तर गादी जाईल. आपण युद्ध केलेलेच नाही. नदीकाठची डागडुजी चालली आहे."

सभा भरली, तेव्हा एका म्हाताऱ्या पाटलाने विचारले, "डागडुजीला भाले कशाला लागतात?"

"झाडेझुडपे तोडायला," प्रधान म्हणाला.

"आणि घोडे?"

"माती वाहायला."

काहीजण हसले, काहीजण चिडले. एकजण म्हणाला, "डागडुजी हा शब्द फार हलका वाटतो. 'बंदोबस्त' म्हणा." दुसरा म्हणाला, "बंदोबस्तात दांडगाई वाटते. 'मोहीम' म्हणा." म्हातारा पाटीलही त्या वादात उतरला, कारण त्याला 'बंदोबस्त' पसंत होता. तीन दिवस सभा एका शब्दावर भांडत राहिली. त्या तीन दिवसांत नदीपलीकडे चार गावे जळाली आणि दोन्हीकडची साठ माणसे मेली. त्यांच्याविषयी सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. अखेर 'डागडुजी'च ठरली.

गावोगाव दवंडी फिरली. युद्ध हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. जळालेल्या गावाला 'मोकळे केलेले गाव' म्हणायचे. जखमी झालेला 'दमलेला'. आणि मेलेला? मेलेला 'मुक्कामाला राहिलेला'!

प्रधान स्वतः खाणीवर आला. म्हणाला, "केरबा, उतारावर दगड बसवायचा आहे. कोर, 'येथे महाराजांनी नदीकाठाची डागडुजी केली.' आणि ऐक, आता वीरगळ कोरायची नाही. युद्धच नाही, तर वीरगळ कुठली?"

केरबाने मान डोलावली. मनात म्हणाला, आपल्याला काय? शब्दांनी कुणाचे काय बिघडते? चार दिवसांत दगड तयार झाला. अक्षरे अगदी टपोरी आली होती.

महिन्याभराने खाणीवर हौसाक्का आली. खालच्या गावची म्हातारी. तिचा एकुलता मुलगा सुभाना भालेकऱ्यांत गेला होता. उन्हातून चालून तिचे ओठ सुकले होते. केरबाने पाणी दिले. तिने तांब्या बाजूला ठेवला.

"केरबा, माझ्या सुभानाची वीरगळ कोरायची," ती म्हणाली.

केरबा दचकला. "आक्का, कोण म्हणालं सुभाना गेला?"

"त्याच्याबरोबरचा गडी आला परत. एक हात नाही त्याला. सरकार म्हणतं, दमलाय. त्यानं सांगितलं, सुभाना त्याच्या मांडीवर गेला. मी चावडीवर गेले, म्हटलं, पोराचे दिवस घालायचे आहेत. तर कारकून म्हणतो, म्हातारे, तुझा पोरगा मुक्कामाला आहे, जिवंत माणसाचे दिवस घालतात का?" ती केरबाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "माझी सून रोज सकाळी मला विचारते, आत्याबाई, आज कुंकू लावू की नको? मी तिला काय सांगू? तूच सांग!"

केरबा खाली बघत म्हणाला, "आक्का, हुकूम नाही. वीरगळ कोरली तर माझी खैर नाही."

"उतारावर ते खोटं कोरायला तुझा हात धजला. खरं कोरायला थरथरतो होय रे?"

 केरबाने पाठ फिरवली आणि तो खोपटात शिरला. म्हातारी जाईल, असे त्याला वाटले.

थोड्या वेळाने बाहेरून ठक् ठक् असा आवाज आला. केरबा बाहेर आला. हौसाक्का एका दगडापुढे मांडी घालून बसली होती. केरबाचीच छिन्नी, केरबाचाच हातोडा. छिन्नी दगडावर टिकत नव्हती, घसरत होती. एक घाव दगडावर पडत होता, दुसरा बोटांवर. दगडावर एक वेडीवाकडी रेघ उमटली होती आणि त्या रेघेत रक्त उतरले होते. ती रडत नव्हती. फक्त ठोकत होती.

 केरबाला आपली ती टपोरी अक्षरे आठवली आणि स्वतःचीच किळस आली. त्याने वाकून म्हातारीच्या हातातून हातोडा काढून घेतला.

"सरक आक्का," तो म्हणाला. "हे माझं काम आहे."

सुभानाची वीरगळ तीन दिवसांत झाली. खाली केरबाने कोरले, 'सुभाना, युद्धात पडला.' त्या दिवशी त्या घरात रडणे झाले. महिनाभर अडून राहिलेले रडणे होते ते.

असली गोष्ट झाकून राहत नाही. दुसऱ्या गावची बाई आली, तिसऱ्या गावचा बाप आला. कुणी नाव सांगे, कुणी नुसताच पोराचा शेला पुढे करी. केरबा कुणालाच नाही म्हणाला नाही. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत खाण वाजत राहिली. पावसाळ्याच्या तोंडाशी त्रेपन्न वीरगळी तयार झाल्या. वेशीत उभ्या करायची कुणाची छाती नव्हती, म्हणून त्या खाणीतच ओळीने निजवल्या होत्या.

तेव्हा शिपाई आले. केरबाला दोरीच्या काढण्या लावून त्यांनी दरबारात उभे केले.

त्याच दिवशी दरबारात पलीकडच्या राजाचा वकील आला होता. त्याचे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "आमचे राजे थकले आहेत, आपलेही लोक थकले असतील. उतार दोघांनी मिळून वापरू. हे युद्ध थांबवू, तह करू."

राजाचा चेहरा क्षणभर उजळला. त्यालाही आता हे नको झाले होते. पण प्रधान कानाशी लागला, "महाराज, तह केला तर युद्ध होते हे कबूल होईल. मग गादी?"

राजा खाकरला. "वकीलसाहेब, आमच्याकडे युद्ध नाही. डागडुजी थांबवण्याचा करार हवा तर करू."

वकील म्हणाला, "महाराज, मी वाटेत मढी ओलांडत आलो. आपली आणि आमची ओळखू येईनात, अशी एकमेकांवर पडली आहेत. त्यांच्या आईबापांना जाऊन मी सांगू, की तुमची पोरं डागडुजीत गेली? माझे राजे असल्या कागदावर शिक्का उठवणार नाहीत."

"मग आमचा नाइलाज आहे," राजा म्हणाला.

आणि वकील परत गेला. ऐकलेत ना? लढाई थांबवायला एक माणूस चिखल तुडवत आला होता, आणि एका शब्दासाठी त्याला परत पाठवले.

केरबा सगळे बघत होता. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यात कधी दरबारात न बोललेला तो माणूस ओरडला, "महाराज, मी त्रेपन्न दगड कोरले! आता आणखी किती कोरायला लावता?"

प्रधान शांतपणे म्हणाला, "पाथरवट फार दमला आहे. त्याच्या उजव्या हाताला विश्रांती द्या."

शिपायांनी केरबाचा उजवा हात ओट्यावर ठेवला आणि त्याच्याच हातोड्याने त्याची बोटे ठेचली. कारकुनाने वहीत लिहिले, 'पाथरवटास विश्रांती दिली.'

तापाने फणफणलेल्या केरबाला हौसाक्काने आपल्या घरी नेले. तिने आणि तिच्या सुनेने त्याला हळदीचे पाणी पाजले, हाताला पाला बांधला, लहान मुलासारखे भरवले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारले, "दगड?"

"आहेत. शिपाई फोडायला यायच्या आत आम्ही ते पाल्याखाली झाकले," हौसाक्का म्हणाली. "येत्या पुनवेला सभा आहे. ते दगड आम्ही सभेत नेणार. तू येशील का?"

केरबा उठून बसला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गावागावांतून बैलगाड्या निघाल्या. बायका हाकत होत्या, कारण हाकायला घरात दुसरे कोणी उरले नव्हते. नाक्यावर शिपायांनी अडवले. पण गाड्यांत काय आहे ते बघून एका शिपायाने एका दगडावर बोट ठेवले, नाव दोनदा वाचले आणि बाजूला होऊन वाट दिली. ते नाव त्याच्या भावाचे होते.

सकाळी सभासद आले, तेव्हा सभेच्या अंगणात त्रेपन्न वीरगळी उभ्या होत्या. आत जायला त्यांच्यामधूनच वाट होती.

प्रधान घाईने म्हणाला, "या दगडांचा सभेशी संबंध नाही. आजचा विषय असा, की 'डागडुजी' हा शब्द चालू ठेवायचा, की 'बंदोबस्त' घ्यायचा."

म्हातारा पाटील अजून बाहेरच होता. एका दगडापुढे वाकून, डोळे बारीक करून तो वाचत होता.  मग आत आला, पण बसला नाही.

"हा आमच्या गावचा," तो म्हणाला. "याच्या बापाला मी माझ्या तोंडाने सांगितलं, पोरगं मुक्कामाला आहे, येईल. तो म्हातारा अजून रोज संध्याकाळी वेशीत जाऊन बसतो." त्याने अंगणाकडे बोट केले. "थू माझ्या जिभेवर! आणि मी इथं बसून 'बंदोबस्त' की 'मोहीम' करत होतो. हे युद्ध आहे. लिहून घ्या, युद्ध!"

दुसरा उठला. म्हणाला, "युद्ध." तिसरा उठला. ज्यांना बोलवत नव्हते, त्यांनी नुसते हात वर केले. चाळीसच्या चाळीस.

राजा पडलेल्या आवाजात म्हणाला, "एवढ्या एका शब्दाने काय होणार आहे?"

अंगणातून हौसाक्का म्हणाली, "काही व्हायचं नसतं, महाराज, तर तुम्ही त्याला एवढे भ्याला नसता."

राजाला तो शब्द उच्चारावा लागला. वकिलाला परत बोलावले. तह व्हायला किती वेळ लागला, ठाऊक आहे? अर्धा दिवस. सकाळी बसले आणि जेवणाच्या वेळेला शिक्के उठले. उतार दोघांचा झाला. तो सुरुवातीपासूनच दोघांचा होऊ शकला असता.

कायद्याप्रमाणे राजाने गादी सोडली. प्रधानाला हाकलले, तेव्हा जाता जाता तो म्हणाला, "मला काढलेले नाही, मी तीर्थयात्रेला निघालो आहे." लोक हसले. केरबा हसला नाही.

कारण वकील पहिल्यांदा आला, त्या दिवसापासून तह होईपर्यंत एक महिना गेला होता, आणि त्या महिन्यात अलीकडची दोनशे अकरा माणसे मेली होती. पलीकडची कुणी मोजली, ते कळले नाही. त्या दोनशे अकरांच्या घरची माणसे आता खाणीवर येऊ लागली आणि केरबाची बोटे काही सरळ होईनात. तो डाव्या हाताने छिन्नी धरून बघे. छिन्नी घसरे.

एके दिवशी एक बाप आला. वकील परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी या बापाचा मुलगा पडला होता. तो म्हणाला, "केरबा, तुझा हात चालत नाही, ठाऊक आहे मला. वीरगळ नको. एवढंच सांग, माझं पोरगं कशापायी गेलं? लोक म्हणतात, युद्धात गेलं."

केरबाने हातातली छिन्नी खाली ठेवली. त्याला त्या बापाला धीर द्यायचा होता. पण खोटे शब्द त्याने एकदा कोरले होते आणि आता त्याला ते बोलवत नव्हते.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "युद्ध तर आदल्या दिवशीच थांबलं असतं. तुझा पोरगा एका शब्दापायी गेला."

म्हणून ध्यानात ठेवा: ज्याला युद्ध म्हणायची लाज वाटते, त्याला ते करायचीही लाज वाटली पाहिजे.