दोन कचेऱ्या आणि एक पाहुणा

ओळख-क्रमांक हवा असेल तर आधी कर-क्रमांक आणा, असं ओळख-कचेरीने सांगितलं. कर-क्रमांक हवा असेल तर आधी ओळख-क्रमांक आणा, असं कर-कचेरीने सांगितलं. दोन्ही कचेऱ्या एकाच अंगणात समोरासमोर होत्या, त्यामुळे सिंहलद्वीपाहून आलेल्या सुमेधशास्त्रींना चालावं मात्र फार लागलं नाही. देवकुंडच्या राज्यात पाहुण्यांची एवढी काळजी घेतच असत.

शास्त्रींना खुद्द राजा उदयभानाने पत्र पाठवून बोलावलं होतं. पोथीशाळेत दीडशे जुने ताम्रपट पडून होते आणि त्यांची लिपी वाचणारा दुसरा माणूस जवळपासच्या दहा राज्यांत नव्हता. पण दोन्ही क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला गळ्यात असल्याशिवाय पोथीशाळेचं दार उघडत नसे. आणि दहाव्या दिवशी सूर्यास्तापर्यंत बिल्ला मिळाला नाही, तर परदेशी माणसाला वेशीबाहेर काढत.

"हे पाहा महाराजांचं पत्र," शास्त्री रोज ओळख-कचेरीच्या नारोपंतांना सांगत.

"पत्र अस्सल आहे," नारोपंत रोज म्हणत. "महाराजांनी सुमेधशास्त्रींना बोलावलंय, यात शंकाच नाही. पण ते सुमेधशास्त्री तुम्हीच, हे कशावरून?"

समोरच्या कर-कचेरीत त्र्यंबकराव जास्त प्रेमाने बोलत. "बसा, शास्त्रीबुवा. अर्ज उत्तम आहे, अक्षर तर मोत्यासारखं. फक्त ज्याला ओळखच नाही, त्याचा अर्ज मी घेऊ कसा?"

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी शास्त्री थेट दरबारात गेले.

राजाने सगळं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "तुम्ही मला हवे आहात, शास्त्रीबुवा. पण नियम माझ्या आजोबांनी केलाय. त्यातला एक काना हलणार नाही."

तेवढ्यात मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. दरबारातला रांजण भरायला आलेली एक बाई होती.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. साळू. दरबारात आणि दोन्ही कचेऱ्यांत पाणी भरते."

"माझ्या आजोबांच्या नियमाला हसतेस?"

"नियमाला कशी हसेन? चौदा वर्षं रोज ऐकतेय तो. शास्त्रीबुवांना दीडशे ताम्रपट वाचता येतात, पण दोन कारकून वाचता येईनात, याचं हसू आलं."

राजाच्या भुवया वर गेल्या. "मग तू वाचून दाखव. सूर्यास्ताच्या आत दोन्ही क्रमांक आण. लाच द्यायची नाही, माझं नाव घ्यायचं नाही, नियम मोडायचा नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर शास्त्रीबुवांबरोबर तूही वेशीबाहेर!"

बाहेर आल्यावर शास्त्री घाबरून म्हणाले, "साळूबाई, माझ्यापायी तुमचं घर जाईल हो."

"ते राहू द्या. पाणी कुठलं पिता?"

"धर्मशाळेच्या विहिरीचं. तिथेच तिसऱ्या खोलीत उतरलोय."

"पाणीपट्टी भरलीत?"

"कोणी मागितलीच नाही."

"मग देव पावला," साळू म्हणाली. तिने कळशी उचलली आणि कर-कचेरीत गेली.

त्र्यंबकराव पान लावत होते. साळू रांजणात पाणी ओतता ओतता पुटपुटली, "नऊ दिवस फुकट पाणी पितोय मेला, आणि कोणाला पत्ता नाही."

त्र्यंबकरावांच्या हातातलं पान खाली पडलं. "कोण?"

"असेल कोणी. मला काय करायचंय?"

"साळू, नाव सांग!"

"सुमेध. राहणार सिंहलद्वीप. मुक्काम धर्मशाळा, तिसरी खोली. उजव्या भुवईवर तीळ. पण तुम्ही काय करणार, रावसाहेब? त्याला तर ओळख-क्रमांकच नाही."

"ओळख अर्जदाराला लागते," त्र्यंबकराव ताडकन उठले. "थकबाकीदाराला नुसता पत्ता पुरतो. बोरू आण इकडे!"

घटकाभरात नोटीस तयार झाली. नाव, गाव, खोली, तीळ आणि ठळक अक्षरांत कर-क्रमांक चार हजार तीनशे बारा. वर मोहोर. शिपाई ती घेऊन धर्मशाळेकडे पळत सुटला. त्या कचेरीतला शिपाई पळताना गावाने प्रथमच पाहिला.

शास्त्रींनी तिथल्या तिथे नऊ दिवसांची पट्टी भरली, पावती घेतली आणि अंगण ओलांडून नोटीस नारोपंतांपुढे ठेवली. नारोपंतांनी ती उलटसुलट केली, मोहोर पाहिली, तीळ पाहिला.

"सरकार तुमच्याकडून वसुली करतंय, म्हणजे तुम्ही तुम्हीच," ते म्हणाले आणि दोन्ही क्रमांक कोरून बिल्ला पुढे केला. "हे आधीच आणायचं होतंत, शास्त्रीबुवा. नऊ दिवस उगाच वाया घालवलेत."

दिवे लागायच्या आत शास्त्री बिल्ला घालून दरबारात उभे होते. राजाने बिल्ला हातात घेऊन निरखला, मग दोन्ही अधिकाऱ्यांना बोलावलं. नियम कुठे मोडला का, असं विचारल्यावर दोघेही छाती काढून म्हणाले, "मुळीच नाही, महाराज."

"साळू," राजा म्हणाला, "जो माणूस यांना नऊ दिवस दिसला नाही, तो एका घटकेत कसा दिसला?"

"महाराज, तो नऊ दिवस मागायला येत होता. मागणारा कचेरीला जवळून दिसत नाही. ज्याच्याकडून घ्यायचंय, तो मात्र तिसऱ्या खोलीतल्या तिळासकट दिसतो."

राजा सिंहासनाचा हात धरून हसू लागला. दरबार हसला. त्र्यंबकराव आणि नारोपंत एकमेकांकडे पाहून, आता हसावंच लागेल असं ठरवून, शेवटी हसले.

"माग काय हवं ते," राजा डोळे पुसत म्हणाला.

"या दोघांना एका चटईवर बसवा, महाराज. चटई लहान द्या."

राजाने साळूला हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि चटईही मंजूर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधशास्त्री पोथीशाळेत पहिला ताम्रपट पुसत होते, तेव्हा अंगणातल्या वडाखाली दोन मोठे अधिकारी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. पाहुणा एकाला काही विचारायला लागला की दुसऱ्याला ऐकावंच लागत होतं.