खुणेचं पान

“मग आहे तरी कुठल्या पुस्तकात ते, आप्पा?”

आप्पा चौगुले ओसरीवर उन्हाला बसून बशीतला चहा फुंकत होते. सांगलीच्या बाजारात चाळीस वर्षं खपलेला चहा म्हणा, उदबत्ती म्हणा, त्याच्या खोक्यावरचं चित्र, अक्षर बहुतेक आप्पांच्याच हातचं. गिऱ्हाईक मालाचं नाव विसरेल, खोकं विसरायचं नाही.

“काय कुठंय?”

“सुचणं,” श्रेणिक म्हणाला.

आप्पा हसले.

श्रेणिक मगदूमला हसू यायचं कारण नव्हतं. पुण्याच्या कलाशाळेतून पदक घेऊन आप्पांच्या हाताखाली आलेला गडी. पण ‘माधुरी’ बेदाण्याचं त्यानं रेखलेलं खोकं मालकीण इंदुताई आरवाडेंनी दोनदा परत पाठवलं होतं. “देखणं आहे हो, पण आमचं वाटत नाही.” तिसरं आज दुपारी चारला दाखवायचं. काम गेलं तर गेलं, दुसरं मिळेल. पण आठ दिवसांत स्वतःची म्हणावी अशी एक रेघ हातून उतरली नव्हती, आणि धास्ती त्याची होती.

“तुमचं कपाट पालथं घातलं मी. खोक्यांची पुस्तकं, अक्षरांची पुस्तकं, सगळी बत्तीस. जिथं जिथं तुमची खूण सापडली, ते पान उतरवून काढलं. एस्टीचं तिकीट, सुतळी, उदबत्तीची काडी... एक खूण सोडली नाही.”

“बरं.”

“त्या पानांत काहीच नाही!”

“नाहीच.”

“मग?”

“खूण कशाला घालतात रे?”

“पान मोलाचं असतं म्हणून.”

“मी उठायचं असलं की घालतो.”

“म्हणजे?”

“वाचता वाचता हात शिवशिवायला लागले, की जवळ असेल ते आत ठेवायचं. आणि उठायचं.”

“आणि पुढची पानं?”

आप्पांनी बशी तोंडाला लावली.

श्रेणिकनं हातातलं पुस्तक उघडलं. सुतळी चाळिसाव्या पानावर. त्यापुढच्या पानांच्या कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या.

“बत्तीसपैकी एकही पुरं वाचलं नाहीत?”

“सवड कुठं मिळाली?”

“मग आठ दिवस गप्प का बसलात, आप्पा?”

“तू विचारलंस कधी? खाली मान घालून उतरवत होतास. म्हटलं, पोराचं अक्षर तरी सुधारेल.”

श्रेणिकला एकदम हसू फुटलं. आठ दिवसांतलं पहिलं. बत्तीस पुस्तकं डोक्यावरून कुणी उतरवून ठेवावीत, तसं झालं त्याला.

त्यानं तेच पुस्तक पहिल्यापासून उघडलं. उतरवायचं काही नव्हतं, नुसतं बघायचं. इंदुताईंनी दिलेली नमुन्याची पिशवी मांडीशी होती. एक पान, एक बेदाणा. एक पान, दोन बेदाणे.

एका बेदाण्याला देठ राहिलेला. दातांत आला. त्यानं काढून बोटांत धरला... वाळलेला, केसाएवढा, टोकाला अलगद वळलेला.

मग तो पानाकडे बघेनासाच झाला.

आप्पांनी दुसरा चहा मागवला. श्रेणिकचा तसाच निवला.

पेन्सिल शेजारी पडलेल्या वाण्याच्या पुडीच्या कागदावरच चालली होती. ‘माधुरी’ची वेलांटी त्या देठासारखी वर निघाली, जरा झुकली आणि थांबली. पुसायला हात गेला नाही.

साडेतीनला त्यानं कागदाची सुरळी केली, चपला घातल्या.

“येतो, आप्पा. इंदुताई ठेवून घेतील की परत पाठवतील, कोण जाणे. पण हे माझं आहे.”

आप्पांनी ओसरीवरचं पुस्तक उचललं. मधोमध सुतळी होती. तिच्या बऱ्याच अलीकडं बेदाण्याचा देठ.

“अकरावं पान?”

“हो.”

आप्पांनी पुस्तक हळूच मिटलं.

“मला चाळिसापर्यंत बसावं लागलं होतं...”