टिटवीची खूण

एका राज्यात, सागरकाठच्या सखल पाणथळीत, राजा वीरसेनाने नगर वसविले. तळी बुजविली, ओढे अडविले आणि थोरल्या ओढ्याच्या पात्रातच आपला प्रासाद उभारला. त्या पाण्याची राखण शैवला नावाच्या मायाविनीकडे होती. तिने शाप उच्चारला. राजकन्या कुमुदा प्रासादाच्या अंगणात शिळा झाली आणि नगरात पाणी चढू लागले.

"पाणी हिच्या ओठांवर गेले, की ही कायमची शिळा," एवढे बजावून मायाविनी अदृश्य झाली.

पाणी लेकीच्या गुडघ्यांना लागले, तेव्हा राजा होडीत बसून उपाय शोधण्यास निघाला. माळाच्या उतारावर एक टिटवी अंडी उबवीत बसली होती.

"तुला या पाण्याचे भय नाही?"

"आहे, महाराज. म्हणून पाणी कुठवर येणार ते आधी पाहते, मग अंडी घालते. आपण आधी कळस पाहिलात."

राजाने मान खाली घातली. "उपाय सांग, बाई."

"पाण्याला निजायला जागा द्या. चालायला वाट द्या. तिसरे मी तेथे येऊन सांगेन."

राजाने घोडदौडीचे मैदान खणवून तळी मोकळी केली. राजमार्ग फोडून कालवे काढले, त्यांवर पूल बांधले. पाण्याचा वेग मंदावला. तरीही ते कुमुदेच्या हनुवटीला टेकले. तेव्हा टिटवी प्रासादाच्या सज्जावर येऊन बसली.

"पाण्याच्या वाटेत आता एकच घर उरले आहे."

"कोणाचे?" प्रधान गरजले. "आत्ता पाडतो."

"आपण त्याच्याच सज्जात उभे आहात, प्रधानजी."

राजाने सज्जाकडे पाहिले, मग लेकीकडे. आणि पहार मागविली. पहिला घाव त्याने स्वतः घातला. भिंती ढासळल्या, अडलेला ओढा सागराकडे धावला, पाणी उतरले. शिळेच्या गालांवर रंग चढला.

"बाबा, पाय गारठले," कुमुदा म्हणाली.

राजाने तिचे पाय आपल्या शेल्यात गुंडाळले आणि वाहत्या पाण्याला हात जोडले.

पुढे टिटवीच्या घरट्याहून उंचावरच घरे बांधली गेली; खाली तळी आणि कुरणे राहिली. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी राजा माळावर जाऊन पुसे, "शेजारीणबाई, यंदा कुठवर?" आणि नव्या पाण्याचा लोट कालव्यातून नगरात शिरला, की राजा मुकुट उतरवून काठावर उभा राही; शेजारी कुमुदा, पाण्यात पाय सोडून.