गोजराबाईची मुसकी

नक्की कोणतं साल ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण फार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात खैरमाळ गावामागचा डोंगर पेटला. काळ्या खुंटांशिवाय वर काही उरलं नाही. लोकांनी सुपं भरभरून बी फेकलं. त्यातलं काही मुंग्यांनी नेलं, उरलेलं पावसाने खाली आणलं. त्याबरोबर मातीही आली आणि गावचा झरा निम्मा बुजला.

“आणखी एक पावसाळा असा गेला, तर गाव उठवावं लागंल,” पाटील म्हणाले.

गावात गोजराबाई नावाची एक धनगरीण होती. तिला शेळ्यांखेरीज कुणी नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिने घरोघर वाळली बोरं मागितली, बाभळीच्या शेंगा झोडपून आणल्या आणि सगळं शेळ्यांना चारलं.

“गोजरे, खुळी का काय तू? शेळीच्या तोंडात गेलेलं परत येतं व्हय?”

“तोंडातनं न्हाई येत, पाटील,” ती म्हणाली, “पण येतं.”

चावडीवर हशा पिकला. गोजराबाई मात्र, खतासाठी शेतात मेंढरं बसवतात तशी, जळक्या डोंगरावर शेळ्या बसवत राहिली. शेळ्या लेंड्या टाकत आणि त्यांच्याच खुरांनी त्या राखेत दाबल्या जात. असं म्हणतात, की त्या मृगात लेंडी तिथे कोंब फुटला.

पण चराऊ माळ डोंगरापलीकडे होता आणि वाट कोंबांमधूनच जात होती.

“झालं! पेरलं त्यांनी, आता कापणीबी त्याच करणार,” पाटील म्हणाले. “इकून टाक शेळ्या.”

गोजराबाईने शेळ्या विकल्या नाहीत. तिने काथ्याची मुसकी विणली, एकेकीच्या तोंडाला बांधली आणि शेवटी स्वतःच्या तोंडावर पदर आवळला.

“तुला गं कशापायी?” बायकांनी विचारलं.

“त्यांनी तोंड बांधून चालायचं, आन उद्या झाडं झाली की म्या येता-जाता बोरं खायाची?”

झाडं वाढली, झरा मोकळा झाला. गोजराबाईने मात्र त्या डोंगरावरचं एक बोरही तोंडात घातलं नाही. असं म्हणतात, की एक दिवस ती शेळ्या घेऊन वर गेली आणि परतलीच नाही. शोधायला गेलेल्यांना एका बोरीवर सगळी मुसकी टांगलेली दिसली. असंही म्हणतात, की त्यांच्या काथ्याला पालवी फुटली होती.

आजही खैरमाळात शेळ्या डोंगरावरून नेताना त्यांना मुसकी बांधतात. नेणारी बाई तोंडावर पदर घेते, गडी असला तर उपरणं. पलीकडच्या माळावर उतरलं की तोंडं सुटतात. आधी शेळीचं, मग माणसाचं.